बॉयलरवाल्याचा अभ्यास

मी अभ्यासाला बसणार हे घरात सगळ्यांना आधी कळतं, कारण मी नवी वही आणतो. अशा अकरा वह्या झाल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर चार रंगांत वेळापत्रक आहे, दुसऱ्या पानावर 'बॉयलर म्हणजे काय' याचं उत्तर आहे, आणि तिसऱ्या पानापासून पुढे बायकोने शिवणाच्या गिऱ्हाइकांची मापं लिहिली आहेत. ती मला म्हणते, "अहो, तुमचा अभ्यास चालू राहू दे बाई. मला वह्या विकत आणाव्या लागत नाहीत."

वय सत्तेचाळीस. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बॉयलरवर असतो. रोज हजारभर चादरी, डॉक्टरांचे हिरवे डगले, टॉवेल. ते उकळायला, वाळवायला आणि इस्त्री करायला वाफ लागते, आणि ती मी पुरवतो. धुलाईखान्यातल्या बाया मला 'वाफोबा' म्हणतात. एकोणीस वर्षं हे काम करतोय, पण कागदावर मी मदतनीस. बॉयलर चालवायचं प्रमाणपत्र माझ्या वरच्या माणसाकडे, उस्तादांकडे. बॉयलरशेजारी प्रमाणपत्रवाला माणूस हजर हवा, असा कायदा आहे. म्हणून लॉगबुकात दर तासाचे आकडे मी लिहायचे आणि शेवटच्या रकान्यात सही उस्तादांनी करायची. ते दर दोन तासांनी येतात, वहीत बघतात, बॉयलरकडे बघतात, सही करतात आणि जातात. एकोणीस वर्षं मला वाटायचं, म्हातारा माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

तर हे उस्ताद यंदा निवृत्त होणार होते. धुलाईखान्याच्या मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सरळच सांगितलं. दोन महिन्यांनी परीक्षा आहे. पास झालात तर बॉयलर तुमचा. नाही झालात तर बाहेरून प्रमाणपत्रवाला माणूस येईल, आणि तुम्ही घडीच्या टेबलावर. पगार तोच.

पगार तोच! म्हणजे मी दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या, आणि भिंतीपलीकडे माझ्या बॉयलरचा बर्नर कोणीतरी परका पेटवणार. मला त्याचा आवाज ऐकू येणार. तो बॉयलर सकाळी पहिल्यांदा पेट घेताना एकदा खोकतो, हे त्या माणसाला कोण सांगणार?  घरी जाताना बारावी वही घेतली.

ही परीक्षा मी आधी दोनदा नापास झालो होतो. पहिल्यांदा तयारी नव्हती. दुसऱ्यांदा मोबाईल होता.

आता मोबाईलला दोष देणं सोपं आहे. तो बिचारा टेबलावर गप्प पडलेला असतो. उचलतो मी. पुस्तक उघडलं, 'सेफ्टी व्हॉल्व्ह' वाचलं, आणि वाटलं की हा प्रत्यक्ष फुंकतो कसा ते एकदा व्हिडिओत बघावं. अभ्यासच आहे हा! बघितलं. त्याखाली जुनं आगगाडीचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचा व्हिडिओ. तोही वाफेचाच, म्हणजे विषय सुटला नाही. मग तोच म्हातारा गंजलेला कुलूप-किल्ल्यांचा जुडगा साफ करतो. मग एक बाई उघड्या हातांनी मातीचं तळघर खणते. संध्याकाळ झाली की मी भानावर यायचो, आणि मला तळघर खणण्याबद्दल सगळं माहीत झालेलं असायचं.

मग मी उपाय शोधायला लागलो. उपाय शोधले कुठे? मोबाईलवरच. 'अभ्यासात मन कसं रमवावं' या विषयावरचे एकेचाळीस व्हिडिओ मी बघितले. त्यांच्या टिपा काढल्या. वहीचं तिसरं पान पहिल्यांदाच बायकोच्या आधी माझ्या हाती लागलं ते असं. एकाने सांगितलं, मोबाईलमध्ये झाडाचं ॲप घ्या, मोबाईलला हात लावला नाही की झाड वाढतं. घेतलं. दर पाच मिनिटांनी, झाड केवढं झालं ते बघायला मी मोबाईल उघडायचो. माझ्याइतकी झाडं मारलेला माणूस दुसरा नसेल.

माझी मुलगी औषधनिर्माण शिकते. अभ्यासाला बसताना ती तिचा मोबाईल आईच्या शिलाई मशीनच्या खणात टाकते, खण लावते आणि वाचायला लागते. बस, एवढंच. तिने यावर एकही व्हिडिओ बघितलेला नाही. तिला माझी दया आली.

"बाबा, तुझ्या मोबाईलला मी पासवर्ड लावते," ती म्हणाली. "एक किलो पाण्याची वाफ करायला किती किलोकॅलरी लागतात, तो आकडा. पुढे एक शून्य. पुस्तकात शोध, मगच उघडेल."

मी दोन मिनिटांत शोधला. पाचशे एकोणचाळीस. एवढ्या चपळाईने मी पुस्तकात दुसरं काहीही शोधलेलं नाही. दिवसातून साठ-सत्तर वेळा तो आकडा दाबून माझ्या अंगठ्याला पाठ झाला. अख्ख्या अभ्यासक्रमातलं तेवढंच मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यात आमचा परीक्षार्थींचा ग्रुप होता. बावीस जण. सकाळी सगळे एकमेकांना फुलं पाठवायचे, दुपारी कोणीतरी विचारायचं, "आज किती झाला अभ्यास?", आणि बावीस अंगठे वर व्हायचे. ग्रुपमध्ये ठरलं की प्रत्येकाने एकेक धडा व्हिडिओवर समजावून सांगायचा. शिकवलं की पक्कं होतं, असं माझ्या एकेचाळिसांपैकी निदान नऊ जणांनी सांगितलेलंच होतं. माझ्या वाट्याला धडा आला पाण्याच्या पातळीचा.

इथे थोडं समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, हातभर लांब. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. अर्ध्यावर हवं. पाणी कमी झालं आणि खाली आग चालूच राहिली, तर आतलं पोलाद लाल होतं. त्या लाल पोलादावर गार पाणी सोडलं तर मग बॉयलर राहत नाही, खोली राहत नाही आणि पाणी सोडणाराही राहत नाही. गंमत अशी, की काठोकाठ भरलेली काच आणि साफ रिकामी काच दिसायला अगदी एकसारखी. दोन्हींत पाण्याची रेघ दिसत नाही. आमच्या धंद्यात नवशिका फसतो तो इथेच.

पाणी फारच उतरलं तर आग आपोआप बंद करणारं एक यंत्र असतं, कटऑफ. त्याच्या डब्यात गाळ बसतो. तो रोज सकाळी काढायचा आणि लॉगबुकात 'केलं' असं लिहायचं. पाच मिनिटांचं काम. व्हिडिओच्या तयारीच्या नादात सलग चार दिवस मी तो काढला नव्हता. लिहिलं मात्र चारही दिवस होतं. 'केलं', 'केलं', 'केलं', 'केलं'. अक्षर सुवाच्य. त्याखाली उस्तादांची सही, माझ्या शब्दावर.

त्या दिवशी दुपारी तीनला मी व्हिडिओ करायला उभा राहिलो. दोन तास खपून जागा ठरवली होती. मोबाईल साबणाच्या पिंपावर टेकवला, मी त्याच्यासमोर, आणि माझ्या खांद्यामागे ती काच, झोकात. केस ओले करून बसवले. सुरुवात केली, "मित्रांनो, काचेवरची नजर कधीही हटू देऊ नका." आणि काचेकडे पाठ करून बोलत राहिलो.

पहिल्या वेळी अडखळलो. दुसऱ्या वेळी इस्त्रीवाली बाई आत डोकावून "वाफोबा, कोणाशी बोलताय?" म्हणाली. तिसऱ्या वेळी शिंक आली. असं करत सात वेळा. पाऊण तास गेला. सातवा मात्र फक्कड जमला. मी पिंपावर बसून सातही व्हिडिओ ओळीने बघायला घेतले. कशात आपण जास्त भारदस्त दिसतो ते ठरवायचं होतं.

पहिल्यात केस बरे होते. तिसऱ्यात शर्टाची कॉलर वळली होती. चौथ्यात मला काहीतरी खटकलं. पुन्हा पहिला लावला. माझ्या खांद्यामागे काच अर्धी भरलेली. तिसरा लावला. पाव. पाचवा. बुडाशी बोटभर. सातवा लावला आणि बघितलं, तर काचेत काहीच नाही.

बॉयलर माझ्यामागे तीन फुटांवर होता. त्याची बातमी मला मोबाईलवर कळली.

मी वळलो. काच तशीच, कोरी. पाण्याचा पंप बंद पडला होता. आणि आग आपोआप बंद व्हायला हवी होती, ती धडधडून चालू होती, कारण गाळ.  डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. एकोणीस वर्षं, बारा वह्या, काही म्हणजे काही आठवेना. एकच सुचलं, पाणी नाही तर पाणी द्या. हात पंपाच्या हिरव्या बटणावर गेला. ते दाबलं की पंप सुरू होतो.

तेवढ्यात पिंपावरून आवाज आला, माझाच, जरा नाकातला: "आणि लक्षात ठेवा मित्रांनो, पंपाला हात लावायचा नाही! आधी आग. काही झालं तरी आधी आग बंद."

सातवा व्हिडिओ चालूच होता.

मी बर्नर बंद केला. मग काचेखालचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, उघडला. पाणी आलं तर काच भरलेली, नुसती वाफ आली तर रिकामी. नुसती वाफ आली, फुस्स करून. मी मटकन खाली बसलो. पिंपावरचा मी हसतमुखाने निरोप घेत होतो.

उस्ताद आले ते इस्त्रीचे रोलर थंड पडले म्हणून. त्यांनी बॉयलर बघितला, मला बघितलं, मोबाईल बघितला.  बॉयलर निवू दिला, स्वतः कटऑफचा डबा उघडून साफ केला, हात पुसले आणि लॉगबुक माझ्यापुढे ठेवलं.

"लिही."

"काय लिहू, उस्ताद?"

"काय झालं ते."

"अहो, परीक्षेला हीच वही न्यायचीय! तिथे बघतात."

"म्हणून तर अक्षर चांगलं काढ," ते म्हणाले.

मी लिहिलं: 'दुपारी ३.५५. काचेत पाणी दिसले नाही. मदतनिसाचे लक्ष मोबाईलकडे होते. आग बंद केली.' चार दिवसांच्या गाळाबद्दल लिहिलं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उस्तादांनी खाली सही केली.

परीक्षेत लेखी पेपर बरा गेला. वाफेच्या उष्म्याचा प्रश्न आला तेव्हा मी एवढ्या उत्साहाने उत्तर लिहिलं की आकड्यापुढे सवयीने शून्यसुद्धा काढलं, मग खोडलं. दुपारी तोंडी परीक्षा. समोर इन्स्पेक्टर बाई. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, हातांवर जुने भाजल्याचे डाग. म्हणजे बाई नुसत्या खुर्चीतल्या नव्हत्या. त्यांनी माझं लॉगबुक चाळायला घेतलं.

"अर्धी, अर्धी, अर्धी," त्या पानं उलटत म्हणाल्या. "सगळ्यांच्या काचा नेहमी अर्ध्या असतात." मग त्या पानावर थांबल्या. वाचलं. चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. "मोबाईलवर काय बघत होतात?"

"मलाच बघत होतो, मॅडम."

सगळं सांगावं लागलं. सात व्हिडिओ, केस, पिंप. त्या हसल्या नाहीत, पण ओठ घट्ट मिटून घेतले. मग म्हणाल्या, "काच कोरी दिसली तर काय कराल, सांगा." ते मला झोपेतही येत होतं. सात वेळा बोललेला माणूस मी! घडाघडा सांगितलं. मला वाटलं, जमलं.

बाईंनी पेन्सिल उलटी धरून वहीच्या एका ओळीवर टेकवली.

"कटऑफ का चालला नाही?"

"गाळ होता."

"इथे तर चारही दिवस 'केलं' लिहिलंय. खाली सही आहे. एवढं रोज साफ करूनही गाळ?"

खोलीतला पंखा कुरकुरत होता. हो म्हणायचं होतं फक्त. पाणी खराब आहे मॅडम, गाळ लवकर बसतो. अगदी जिभेवर आलं होतं. आणि खरं बोललो तर माझा बॉयलर जाणारच, वर उस्तादांची सही खोटी ठरणार. चौतीस वर्षांत त्यांच्या सहीला कोणी बोट लावलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी, परीक्षेच्या खोलीत.

"केलं नव्हतं," मी म्हणालो. "नुसतं लिहिलं. सही करणाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दावर केली."

बाईंनी वही मिटली. "आज मी तुम्हाला पास करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "नापासही करत नाही. महिन्याभरात कधीही मी तुमच्या बॉयलरवर येईन. सांगून येणार नाही."

परत आलो तो थेट उस्तादांकडे. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते स्टुलावर बसून ऐकत होते.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "डबा मीच उघडला ना?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो. उशीरच केलास."

त्यानंतर मला अभ्यासाचा एकही व्हिडिओ बघावा लागला नाही. इन्स्पेक्टर बाई कुठल्याही क्षणी दारात उभ्या राहतील या धसक्याने मी मोबाईल मुलीसारखा शिलाईच्या खणात टाकून कामावर जायला लागलो. पहिल्या आठवड्यात तर बुटांचा आवाज आला की मी सावधान उभा राहायचो, मग कळायचं, चादरींची गाडी आलीय. पुढे तेही सुटलं. रोज सकाळी गाळ काढायचा, काच पुसायची, बघायची. मला एक नवीनच गोष्ट दिसली, की काचेतलं पाणी कधी स्थिर नसतं. सारखं किंचित खालीवर होतं, श्वास घेतल्यासारखं. एकोणीस वर्षं मी 'अर्धी' लिहीत होतो आणि हे बघितलं नव्हतं. दुपारी जेवणाचा डबा पोटात जाईपर्यंत मी पुस्तक वाचायचो. अख्खं पुस्तक संपलं, तेही नवी वही न आणता! बायको म्हणाली, "आता मी मापं कुठे लिहू?"

महिना संपत आला. बाई आल्या नाहीत. उस्तादांचा शेवटचा दिवस उजाडला, आणि माझी खात्री पटली की त्या विसरल्या. मी मनातल्या मनात घडीच्या टेबलाकडे निघालो होतो. दुपारी मोठ्या बाईंच्या केबिनमधून निरोप आला. गेलो तर टेबलावर लिफाफा. आत प्रमाणपत्र. माझं नाव, शिक्का, इन्स्पेक्टर बाईंची सही.

मी धावतच बॉयलरपाशी आलो. "उस्ताद, त्या आल्याच नाहीत! तरी दिलं!"

"आल्या होत्या की," उस्ताद म्हणाले. "नवव्या दिवशी. या दारात उभ्या होत्या, चांगली दहा मिनिटं. मी बोलवायला निघालो तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं."

"मग मी कुठे होतो?"

"इथेच. त्यांच्याकडे पाठ करून. काचेकडे बघत होतास."

 एका महिन्यात ज्या माणसाची मी सर्वांत जास्त वाट बघितली, तो माणूस येऊन दहा मिनिटं उभा राहून गेला आणि मला पत्ता नाही. उस्ताद हसत होते. त्यांना असं हसताना मी फारसं बघितलेलं नव्हतं. मग त्यांनी त्यांचं पुसायचं फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं, माझ्या पाठीवर एक थाप मारली, चांगली जोरात, आणि गेले.

चार वाजले. मी लॉगबुक उघडलं, प्रेशर लिहिलं, पाणी लिहिलं. शेवटच्या रकान्यात आता माझी सही करायची होती. पेन टेकवलं आणि थांबलो. उठून काचेपाशी गेलो, पाणी हलताना बघितलं, परत येऊन सही केली. मग सवयीने दाराकडे बघितलं, उस्ताद सही करायला आले असतील म्हणून. दारात कोणी नव्हतं.